पिंजाऱ्याचा कफ

एकदा एक पिंजारी आपला कफ बंद करून घ्यायला वैद्यांच्या दवाखान्यात आला. त्याचे नाव दस्तगीर. बाजारपेठेमागच्या गल्लीत त्याचे गाद्या-उशा भरून देण्याचे दुकान होते आणि दुकानाच्या मागे एक कोंदट खोली, जिथे कापूस पिंजण्याचे यंत्र चाले. तीस वर्षे त्याने त्या खोलीत काढली होती. आता पहाटे डोळा उघडल्यापासून जे खाकरणे सुरू होई, ते दुपार कलली तरी थांबत नसे. मशिदीत शेजारच्याला त्रास नको म्हणून तो हल्ली मागच्या रांगेत उभा राही. त्यातच महिन्याभरावर धाकट्या मुलीचा निकाह आलेला.

"चार पाहुण्यांत असं खाकरत बसणं बरं दिसतं का, ताई?" तो म्हणाला. "एवढं बंद करून द्या."

वृद्ध वैद्य त्या दिवशी परगावी गेले होते. दवाखाना त्यांची शिष्या इंदुमती सांभाळत होती. शिक्षण संपवून ती दोन वर्षे त्यांच्या हाताखाली होती आणि तिची बुद्धी तल्लख आहे, असे गावातले लोकही म्हणू लागले होते. तिने दस्तगीरची छाती तपासली. आत कफ भरला होता, यात शंका नव्हती. तिने कफ सुकवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला, खाकरणे थांबले म्हणून. इंदुमतीला समाधान वाटले आणि थोडा अभिमानही.

चौथ्या दिवशी सकाळी दस्तगीरला त्याची बायको जैनबबी रिक्षातून घेऊन आली. त्याला धड बोलता येत नव्हते. खोकला कोरडा, छातीत काहीतरी घट्ट अडकलेले आणि ओठ निळसर पडलेले. वैद्य आदल्या दिवशीच परतले होते. त्यांनी आधी गोळ्या बंद केल्या. मग रुग्णाला ताठ बसवून कोमट वाफ दिली, घोटघोट पाणी पाजले आणि तळहाताची ओंजळ करून पाठीवर हलकेच थोपटत राहिले. बऱ्याच वेळाने डिंकासारखे पिवळे, चिवट तुकडे बाहेर पडू लागले. इंदुमती तस्त धरून उभी होती. हळूहळू दस्तगीरचा श्वास मोकळा झाला, ओठांवर रंग आला आणि तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला.

वैद्य तिला एका शब्दाने बोलले नाहीत. ती घरी जायला निघाली तेव्हा एवढेच म्हणाले, "उद्यापासून तीन दिवस तू दवाखान्यात येऊ नकोस. दस्तगीरभाईंच्या पिंजणाच्या खोलीत जाऊन बस. नाकाला काही बांधू नकोस."

गुरूंनी शिक्षा दिली, असेच तिला वाटले. पण झालेल्या चुकीच्या मानाने ही शिक्षा फारच थोडी होती, म्हणून ती मुकाट्याने गेली.

दस्तगीर घरी पडून असल्याने यंत्र जैनबबी चालवत होती. यंत्र सुरू झाले की खोलीभर कापसाचे बारीक तंतू उडत. पहिल्या दिवशी इंदुमतीला शिंका आल्या, नाक वाहू लागले. दुसऱ्या दिवशी घसा खवखवू लागला. ओढणीने नाक पुसत बसलेल्या तिच्याकडे बघून जैनबबीने यंत्र थांबवले.

"वैद्यबाबा रागावलेत का तुमच्यावर?"

"रागावले असतील."

"मग बोलले असते. इथं कशाला पाठवलं?"

तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठली ती खाकरतच. घशाशी कफ आला होता.

तीन दिवस पुरे करून ती दवाखान्यात गेली तेव्हा वैद्य ओसरीवर बसले होते.

"काय झाले?" त्यांनी विचारले.

"कफ झाला, गुरुजी."

"सुकवायच्या गोळ्या देऊ?"

ती लगेच म्हणाली, "नको. त्या खोलीत जाणे थांबले की तो आपोआप कमी होईल."

वैद्यांनी तिला समोर बसवून घेतले. ते म्हणाले, "श्वासनलिकेला आतून एक नाजूक अस्तर असते. कफ किती करायचा, कसा करायचा, हे पुष्कळसे ते अस्तरच ठरवते. धूळ टोचली की तिथल्या पेशींना ते कळते. त्या शेजारच्या पेशींना निरोप धाडतात आणि कफ पाझरू लागतो. त्याच अस्तरातून थोडे पाणीही झिरपते, म्हणून कफ वाहता राहतो. मग पेशींवरची सूक्ष्म लव त्याला धुळीसकट घशाकडे ढकलत नेते. तुझ्या शरीराने या तीन दिवसांत तेच केले. पण ही टोचणी वर्षानुवर्षे चालू राहिली, तर अस्तर स्वतःच बदलते. कफ करणाऱ्या पेशी वाढतात, लव विरळ होते. दस्तगीरभाईंचे तसे झाले आहे. त्यांची धूळ तू तशीच राहू दिलीस आणि कफातले पाणी तेवढे काढून घेतलेस. मग तो जागचा हलणार कसा?"

"हे मला त्याच दिवशी सांगितले असते, तरी कळले असते," ती हळूच म्हणाली.

"पुस्तकात तुला हे सांगितलेलेच होते," वैद्य म्हणाले.

त्याच दुपारी इंदुमती दस्तगीरच्या घरी गेली. तो खाटेवर उठून बसला होता. "गोळ्या देण्यात माझी चूक झाली," ती म्हणाली. "तुमच्या जिवावर बेतले होते."

"बंद करा म्हणून मीच मागं लागलो होतो, ताई," तो म्हणाला. "आता काय करायचं ते सांगा."

तिने सांगितले, ते त्याला सोपे गेले नाही. यंत्र कोंदट खोलीतून काढून परसातल्या उघड्या पत्र्याखाली न्यावे लागले. पावसाळ्यात काम कमी होईल, म्हणून त्याने आठवडाभर कुरकुर केली. नवराबायको दोघांनीही नाकातोंडावर मास्क बांधायला सुरुवात केली. निकाहाच्या दिवशी तो रुमाल तोंडाशी धरून चार वेळा खाकरलाच. पण तो पुढे, जावयाच्या शेजारी बसला होता आणि कोणी वळूनही पाहिले नाही.

अस्तर सावरायला वेळ लागला, आणि ते पुरते सावरले असेही नाही. चार-पाच महिन्यांनी दस्तगीर दाखवायला आला, तेव्हा खाकरणे सकाळच्या घटकाभरावर आले होते.

"एवढा कफ अजून का राहिलाय?" त्याने विचारले.

"थोडा राहू द्या," इंदुमती म्हणाली. "थोडा मलाही असतो, गुरुजींनाही असतो. तो असतो म्हणून श्वासाबरोबर आत गेलेली धूळ बाहेर येते."

तो गेल्यावर बेकरीत पीठ चाळणारी एक बाई आत आली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "ताई, कफ फार होतोय, तेवढा बंद करा."

इंदुमतीने तिला खुर्ची दिली. "बसा," ती म्हणाली. "आधी मला सांगा, दिवसभर तुम्ही कुठे उभ्या असता?"