शेठचं नाव आणि उंदराचं औषध

कौतिकाचं ‘दुडूदुडू’ नाचणीसत्त्व गावोगावच्या आयांच्या तोंडी बसलं, आणि पेठेतल्या पिंगळेशेठनं लगेच त्याच नावाची पाकिटं काढली. आत भेसळीचं पीठ! एका बाईचं तान्हं ते खाऊन ओकलं, नि ती भांडायला आली कौतिकाच्या दारात! कौतिकानं पाकीट उलटून बघितलं, तर ते शेठच्या दुकानातलं! तशीच आपलं लेकरू कडेवर घेऊन ती भर बाजारात शेठच्या दुकानावर गेली नि नाव चोरल्याचा जाब विचारला.

शेठ हसले. “अगं बाई, नाव काय कुणाच्या बापाचं असतं? आवडेल त्यानं लावावं.”

“खरंच शेठ? मग उद्यापासून मी उंदराचं औषध विकते. नाव ठेवते ‘पिंगळे आणि मंडळी’!”

शेठ ताडकन उठले. “खबरदार! आजोबांपासून कमावलेलं नाव आहे ते! लोक नाव बघून डोळे मिटून माल घेतात!”

“आणि आया माझं नाव बघून लेकराला घास भरवतात, शेठ!”

सगळा बाजार शेठकडे बघायला लागला. शेठनं पाकिटं फळीवरून उतरवली.

कौतिका तिथूनच नावाचा ट्रेडमार्क नोंदवायला निघाली. जाता जाता वळून म्हणाली, “शेठ, तुमचंही नाव नोंदवून घ्या हो. मी निदान सांगून तरी घेत होते!”