कासवाचं तट्टू

नदीला बारमाही पाणी होतं, त्या काळची गोष्ट. कासवाने कोल्ह्याकडून एका टरबुजाच्या बदल्यात म्हातारं तट्टू घेतलं आणि ते अख्ख्या काठावर मिरवलं. "आता पायपीट संपली!"

दुसऱ्या दिवशी तट्टू म्हणालं, "मालक, हरभऱ्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही." कासव टेकडीपलीकडून हरभरे घेऊन आलं. मग नाल झिजले, मग खोगीर उसवलं. दर वेळी तट्टू दारात उभं राही आणि कासव सामान आणायला निघे.

वाटेत टिटवीने विचारलं, "कासवदादा, दारात तट्टू असून पायी?"

कासवाने ऐटीत मान उंचावली. "तुला नाही कळायचं, टिटवे. पूर्वी मला कुठे जायचंच नसायचं. आता तट्टू आहे म्हटल्यावर रोज जावंच लागतं!"