कात्रीनचा झोका

“मग यांतलं कुठलं घेऊ, मास्तर?”

आठल्यांनी ओसरीवर गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची तीन पेडलं ओळीने मांडली होती. एक लाल, एक काळं, एक लाकडी पेटीतलं. दुकानदाराने ती दोन दिवसांच्या बोलीवर दिली होती.

बस्त्याव मास्तर झोपाळ्यावर बसले होते. उत्तर देण्याऐवजी त्यांनी विचारलं, “चहा घेणार ना?”

डॉक्टर श्रीनिवास आठल्ये पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. वय एकोणसत्तर. सहा वर्षांपूर्वी वसईच्या या घरात ते पहिल्यांदा आले, मांडीवर आडवी स्टील गिटार घेऊन बसले आणि पोलादी कांडी तारांवरून फिरवायला शिकू लागले. या वयात कोणी शिष्य करून घेतो, याचं त्यांना अजून नवल वाटे. आपण त्या उपकाराला पुरे पडत नाही, असंही वाटे.

मास्तरांचं वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपासून त्यांचा डावा हात कापत होता. तेव्हापासून त्यांची गिटार भिंतीला टेकून होती.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मास्तरांचे सगळे जुने शिष्य त्यांच्यासाठी वाजवणार होते. मास्तरांनी बायकोसाठी, कात्रीनसाठी, बांधलेली धून वाजवायची होती आठल्यांनी. मास्तरांनीच तसं सांगितलं होतं. का सांगितलं, हे विचारायचा धीर आठल्यांना झाला नव्हता.

त्या धुनेची एकच कॅसेट होती. तीत गिटारचा सूर जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. आठल्यांनी ती शंभरदा तरी ऐकली असेल.

“मास्तर, हा आवाज मी ओळखला,” ते म्हणाले. “लाकडी कपाटात भोंगा फिरत असतो. तोंड आपल्याकडे आलं की सूर मोठा, पाठ फिरली की लहान. पूर्वी ऑर्गनवाले तसलं कपाट वापरत. ही पेडलं त्याचीच नक्कल करतात. तुमच्याकडे तसलं कपाट होतं ना?”

“वाजवून दाखवा.”

आठल्यांनी तिन्ही पेडलं एकामागून एक लावून वाजवली. वाजवताना त्यांचं लक्ष कांडीवर कमी आणि पायाखालच्या बटणावर जास्त होतं.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

“कसं वाटलं?”

“लाल रंग चांगला आहे.”

आठल्ये हसले नाहीत. त्यांनी वही उघडली. वहीत आलेख होते.

“मी कॅसेटवरची लाट मोजली. एक फेरा पावणेतीन सेकंदांचा. या तिन्हींचा मंदातला मंद फेरा दीड सेकंदाचा आहे. म्हणजे एकही जुळत नाही. आणि मध्यावर एका ठिकाणी लाट पूर्ण थांबते. अकरा सेकंद. मग पुन्हा सुरू होते. तिथे तुम्ही भोंगा थांबवलात, बरोबर? पण नेमका कुठल्या सुरावर, ते मला अजून…”

“अकरा सेकंद?”

“अकरा पूर्णांक दोन.”



“इतकं कधी मोजलं नाही मी,” ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता.

आठल्यांना वाटलं, आपण काही भलतंच बोललो की काय? “मास्तर, माझ्याच्याने नाही व्हायचं. आवाज तसा आला नाही, तर ती धून तुमची राहणार नाही. दुसऱ्या कोणाला तरी सांगा. हात जोडतो.”

“सर,” मास्तरांनी त्यांना थांबवलं. ते आठल्यांना सरच म्हणत.

“हं?”

“कपाट नव्हतं.”

“मग?”

मास्तरांनी झोपाळ्याच्या फळीवर थाप मारली. “हे होतं.”

आठल्ये बघत राहिले.

“मी बसलो होतो तुम्ही बसलाय तिथे. टेप खाली, माईक कात्रीनच्या हातात. मी म्हटलं, बाई, हलू नकोस. ती म्हणाली, झोपाळ्यावर बसून न हलणारी माणसं तुमच्या घरात असतील.” मास्तर हसले. “मग ती झोके घेत राहिली. माईक पुढे आला, मागे गेला.”

आठल्यांनी वहीतल्या आलेखाकडे पाहिलं. मग झोपाळ्याच्या कड्यांकडे पाहिलं. पावणेतीन सेकंद… बरोबर होतं. कड्यांची लांबी मोजली असती, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. सहा वर्षं ते या झोपाळ्यासमोर बसत होते.

“आणि ते अकरा सेकंद?” त्यांनी हळूच विचारलं.

“तिथे तिने पाय टेकले, आणि झोका द्यायला विसरली.”

 मागच्या वाडीत पंप चालू होता.

“वाजवताना तुम्हाला ती लाट ऐकू येत होती का, मास्तर?”

“मला? मी एका जागी बसलेला माणूस. मला सूर सरळच ऐकू येत होता. टेप लावली तेव्हा कळलं, ती कुठून ऐकत होती ते.”

आठल्यांनी वही मिटली. वाकून तिन्ही पेडलांच्या वायरी काढल्या. मग त्यांनी कांडी उचलली.

पहिला सूर गिटारच्या पट्टीवरच्या रेषेवर नीट बसला नाही. एरवी अशा वेळी ते कांडी हलवून चूक झाकत. आज त्यांनी हलवली नाही. कांडी केसभर पुढे सरकवली आणि तिथेच धरून ठेवली.

मास्तरांनी कापता हात कडीला लावला, पायाने जमीन रेटली. झोपाळा पुढे आला, मागे गेला.

आठल्यांना सूर सरळच ऐकू येत होता. मास्तरांना कसा येत होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मध्यावर झोपाळा थांबला.

आठल्यांनी या वेळी मोजलं नाही.

धून संपली. आठल्ये उठले, झोपाळ्यासमोर वाकले आणि मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“उठा सर, कंबर धरेल तुमची.”

“धरू दे,” आठल्ये खालूनच म्हणाले. डोळे पुसून ते उठले आणि जुनी काळजी पुन्हा त्यांच्या चेहऱ्यावर आली. “पण मास्तर, रविवारी… हॉलमध्ये झोपाळा नाही.”

मास्तरांनी पायाने पुन्हा जमीन रेटली.

“तुम्ही एका जागी बसा, सर. येणं-जाणं आम्हा ऐकणाऱ्यांकडे.”