बावीस शनिवारांची मार्गारिटा

"...पण मग चव कधी घेता?"

"नाही घेत."

"म्हणजे हलवून झाल्यावर, गाळायच्या आधी?"

"तेव्हापण नाही."

"मग गाळल्यावर?"

बस्त्याव तुस्कानो टेबलावर तळव्याखाली एक लिंबू फिरवत होते. ते थांबले.

"सर," ते म्हणाले, "मी ती कधीच चाखलेली नाही."

प्राध्यापक हेरंब टिपणीस यांनी वहीत 'चव' असं लिहून पुढं दोन टिंबं दिली होती. ती टिंबं तशीच राहिली.

ठाण्याहून एसटीनं, मांडीवर काचेच्या नळ्यांची पेटी घेऊन, खड्ड्याखड्ड्याला जीव मुठीत धरत टिपणीस सर वसईला आले होते. कशासाठी, तर घरच्या घरी ताज्या लिंबाची मार्गारिटा कशी करावी, हे एकदाचं शिकण्यासाठी. आणि ज्याच्या पायाशी बसायला आले, त्या गुरूनं चौऱ्याहत्तर वर्षांत तिचा एक थेंब ओठाला लावला नव्हता.

बस्त्याव एकतीस वर्षं प्रवासी जहाजांवर बारमन होते. वसईत त्यांच्याबद्दल जे सांगतात, त्यातलं निम्मं जरी खरं धरलं तरी ती जहाजं बुडायलाच हवी होती. एकदा म्हणे भर समुद्रात वादळ सुटलं. जहाज इतकं कललं की पियानो भिंतीवर चढला आणि मुख्य आचारी छताच्या पंख्यावर सापडला. पण बस्त्यावच्या ट्रेमधले सहा ग्लास जागच्या जागी, काठावरचं मीठसुद्धा सांडलं नाही. दुसऱ्या खेपेला एक अमेरिकन विधवा त्यांच्या हातची मार्गारिटा प्यायली आणि जहाजावरून उतरेचना. तिचं सामान तिच्या गावी उतरलं. ती स्वतः तीन पृथ्वीप्रदक्षिणा करून मग घरी गेली.

हे सगळं सरांना त्यांच्या प्रयोगशाळेतल्या परेराबाईंनी सांगितलं होतं. सांगताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की सरांनी पंख्याबद्दल काही विचारलं नाही.

सरांची अडचण मात्र खरी होती.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दिवाळीच्या जरा आधी सर आणि चारू गोव्याला गेले होते. किनाऱ्यावरच्या एका झोपडीवजा हॉटेलात चारूनं मार्गारिटा मागवली, पहिल्या घोटाला डोळे मिटले, आणि मग तासभर हसत सुटली. कशाला हसत होती ते सरांना आजही सांगता येणार नाही. पण लेक शिकायला बंगळुरूला गेल्यापासून घरात तसं हसू ऐकू आलं नव्हतं.

सर रसायनशास्त्राचे. त्यांनी सरळ हिशोब मांडला. हसू मार्गारिटेमुळे आलं. म्हणजे मार्गारिटा तंतोतंत जमली की हसू यायलाच पाहिजे.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी ते गॅलरीत चारूला बसवत आणि ग्लास तिच्या हातात देत. ती 'छान' म्हणे. हसत मात्र नसे.

बाविसाव्या शनिवारी सर बर्फ आणायला आत गेले आणि खिडकीतून त्यांना दिसलं, चारू ग्लास मोगऱ्याच्या कुंडीत रिता करत होती. हात इतका सराईत होता की ही पहिली वेळ नाही, हे त्यांना तिथंच कळलं. एरवी उन्हाळ्यात चार कळ्या देणारा तो मोगरा यंदा दिवाळीपासून फुलत का होता, आणि वारा नसताना कठड्याकडे झुकून डोलत का होता, याचाही उलगडा झाला.

ते काही बोलले नाहीत. प्रमाणात कुठंतरी चूक आहे, एवढंच त्यांनी स्वतःला बजावलं आणि परेराबाईंकडून पत्ता घेतला.

चारूला यातलं काही ठाऊक नव्हतं. वसईची सुकेळी करणाऱ्यांच्याच घरून आणायची, म्हणून ती सोबत आली होती. आता ती मागच्या ओट्यावर बस्त्यावच्या बायकोबरोबर, कार्मेलीनबायबरोबर बसून ती वाळवलेली गोड केळी एकामागून एक खात होती. तिकडून मधूनमधून हसण्याची खसखस ऐकू येई. सर दर वेळी कान टवकारत.

"मग कळतं कसं, जमली की नाही?" त्यांनी विचारलं.

"पिणाऱ्याकडे बघायचं."

"पण द्यायच्या आधी?"

"आधी कळून काय करणार?"

"निदान एक थेंब घेऊन..."

बस्त्याव लिंबाकडे बघत म्हणाले, "दुसऱ्याला द्यायची चीज. आपण उष्टी कशी करायची?"

यावर सर प्रथमच मोकळे हसले. आपल्याला उत्तर ठाऊक असलेला प्रश्न आला की ते असे हसत. काका, मी पिपेटनं घेतो, त्यांनी समजावलं. काचेच्या नळीनं थेंब वर उचलायचा, ओठ कुठं लागतच नाही, उष्टं व्हायचा प्रश्नच नाही.

"हां..." बस्त्याव म्हणाले. "करा बघू."

सरांनी पेटी उघडली. स्टँड उभा राहिला, त्यात ब्युरेट, म्हणजे थेंब मोजायची उभी नळी लागली, काटा मांडला गेला. कार्मेलीनबायच्या स्वयंपाकघराची पाच मिनिटांत प्रयोगशाळा झाली. चुलीजवळचं मांजर उठून बाहेर गेलं.

दोन भाग टकिला. एक भाग संत्र्याची गोड दारू. एक भाग परसातल्या कागदी लिंबाचा रस, बिया गाळून, साल न रगडता. सगळं थेंबाच्या हिशोबात. ग्लासाच्या काठाला लिंबाची फोड फिरवली, काठ मिठात टेकवला, कडं अगदी गोल आलं. मग बर्फ घालून सरांनी भांडं घड्याळ लावून हलवलं.

प्रत्येक पायरीला ते पिपेटनं थेंब घेत, डोळे मिटत, तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत आणि वहीत आकडा टाकत.

शेवटी त्यांनी वर पाहिलं. चाखलेल्या थेंबागणिक एक, अशी बस्त्यावनी दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर धरली होती.

"माप चुकलं का काका?"

"माप बरोबर आहे."

"लिंबू जास्त पिळलं गेलं?"

"नाही."

"बर्फ?"

"बर्फपण बरोबर."

"मग चूक काय?"

"...चूक आहे असं कोण म्हणालं?"

सर ग्लास घेऊन ओट्यावर गेले. बस्त्याव मागोमाग येऊन दारात टेकले.

कार्मेलीनबाय काहीतरी सांगत होती आणि चारू गुडघ्यावर थाप मारत होती. सरांना बघताच ती थाप अर्ध्यावर थांबली. चारूनं ओढणी नीट केली आणि पाठ ताठ करून बसली. सर तिच्यासमोर उभे राहिले. एका हातानं ग्लास दिला, दुसऱ्या हातानं खिशातलं पेन काढलं.

तिनं घोट घेतला. तो घशाखाली उतरायच्या आत सरांनी विचारायला सुरुवात केली. लिंबू पुढं येतंय का? मीठ आधी लागतं की मागून? कुठं कडवट? दहापैकी किती?

"छान आहे," चारू म्हणाली.

आणि तिची नजर ओट्यावर इकडंतिकडं फिरली. कुंडी नव्हती. परसात केळीची झाडं होती, पण पंधरा हात लांब.

"थोड्या वेळानं पिते हं," ती म्हणाली.

बस्त्याव दारातून आले. त्यांनी तिच्या हातातला ग्लास अलगद घेतला, सावकाश चालत केळीपाशी गेले, वाकले आणि सगळी मार्गारिटा बुंध्याशी ओतली. अगदी आदरानं.

चारूचे कान लाल झाले. तिनं सरांकडे पाहिलं. सर ओट्याच्या फरशा मोजत होते.

तिला कळलं की त्याला माहीत आहे.

कार्मेलीनबायनं तेवढ्यात सुकेळ्याची पुडी चारूच्या पुढं सरकवली.

आत आल्यावर बस्त्यावनी ग्लास विसळला.

"किती दिवस ओततेय?"

"बावीस शनिवार."

"आणि तू गप्प?"

'सर'वरून ते 'तू'वर आले होते. टिपणीस सरांना ते जाणवलं, आणि कसं कोण जाणे, बरं वाटलं. पंधरा वर्षांत त्यांना कुणी 'तू, गप्प का' असं विचारलं नव्हतं.

"मला मार्गारिटेचं काही नाही हो काका," ते म्हणाले. "ती त्या दिवशी हसली ना... तशी हसायला हवीय."

बस्त्यावनी बराच वेळ हात पुसले.

"परत कर," ते म्हणाले. "थेंबभरसुद्धा चाखायची नाही."

सरांनी परत केली. पिपेट पेटीत गेली, तसा त्यांचा हात आंधळ्या माणसासारखा चाचपडायला लागला. रस पिळताना दोनदा थांबले. ग्लास भरल्यावर त्यात काय आहे, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं. ब्युरेटवरचे आकडे होते, पण ते अचानक कुणा परक्याच्या फोन नंबरसारखे वाटायला लागले.

ते निघाले. उंबऱ्यावर बस्त्यावनी हात आडवा घातला.

"थांब. तोंड उघड."

सरांनी उघडलं.

बस्त्यावनी एक लिंबू मधोमध कापलं आणि अर्धी फोड सरांच्या तोंडात बसवली, साल बाहेर करून, बाटलीला बूच मारावं तशी.

"मी सांगेपर्यंत काढायची नाही."

असे टिपणीस सर बाहेर आले. दातात लिंबू, हातात ग्लास, डोळ्यांत पाणी. रसायनशास्त्राचा विभागप्रमुख. त्यांनी ग्लास चारूला दिला. खिशाकडे हात गेला, पण पेन काढून तरी काय करणार? ते समोर उभे राहिले. त्यांच्या घशातून "म्म्..." असा आवाज आला.

"म्म् पण नाही," दारातून बस्त्याव म्हणाले.

करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा सर पायरीवर बसले. बायकोच्या शेजारी, एक पायरी खाली.

चारू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं घोट घेतला.

तिनं तो तोंडात घोळवला. केळीच्या पानांकडे पाहिलं. दुसरा घेतला.

सरांना तेवढ्या वेळात तीन वेळा घाम आला.

"आंबट झालीय," चारू म्हणाली.

सरांचे डोळे विस्फारले. सकाळपासून गोड सुकेळी खाल्ल्यावर कुठलंही लिंबू आंबटच लागणार, याला साधं कारण आहे, हे त्यांना सांगायचं होतं. लिंबू मध्ये होतं.

"आणि हे मीठ मला आवडत नाही." ओढणीच्या टोकानं तिनं ग्लासाचा काठ पुसून काढला. "गोव्यातपण पुसलं होतं. तू समुद्राकडे बघून भरतीचं गणित सांगत होतास."

कार्मेलीनबायनं तिच्या हातात सुकेळ्याचा तुकडा दिला. चारूनं तो चावला, वर घोट घेतला, मान हलवली. परत तुकडा, परत घोट. आणि मग ती बोलायला लागली. सरांशी नाही, कार्मेलीनबायशी. पण आवाज पायरीपर्यंत पोचेल इतपत. ग्लास हातात आला की तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. समोर हा उभा, पेन उघडं, आणि चव कळायच्या आधी उत्तर पाहिजे. एकदा 'छान' म्हटलं की सुटका, म्हणून 'छान'. बावीस शनिवारांत ती मार्गारिटा नक्की कशी होती, देवाशपथ माहीत नाही.

"विचारायचं असतं ना एखाद्या वेळी," ती आता थेट सरांकडे वळली, "चारू, दिवस कसा गेला?"

सरांनी जोरजोरात मान हलवली. त्या हलण्यानं लिंबाचा रस हनुवटीवरून ओघळला आणि इस्त्रीच्या शर्टावर टपटपला. त्यांनी तो पुसायला रुमाल काढला, तर रुमालातून पिपेटची रबरी टोपी निघाली आणि उड्या मारत पायऱ्या उतरून गेली.

चारूच्या नाकातून एक आवाज आला.

तिनं तो दाबला. तो खांद्यात शिरला. खांदे हलायला लागले, मग ग्लास हलायला लागला, मग कार्मेलीनबायला तो तिच्या हातातून धरावा लागला. चारू ओट्यावर आडवी व्हायची तेवढी राहिली होती. श्वास घ्यायला थांबायची, सरांच्या तोंडाकडे बघायची आणि परत सुटायची. मधूनच ग्लास हिसकून घोट घ्यायची. पलीकडच्या वाडीतला माणूस कुंपणावरून बघून गेला.

ग्लास रिकामा झाला. तिनं तळाचा बर्फसुद्धा चावून खाल्ला आणि डोळे पुसत ग्लास पुढं केला.

"आहे अजून?"

सर उठले. न विचारताच त्यांनी तोंडातलं लिंबू काढलं. जबडा अवघडला होता, शब्द वाकडे फुटत होते.

"काका... ती आंबट म्हणाली. मीठ पुसलं. वर केळं खाल्लं." त्यांनी घाबरत घाबरत विचारलं. "म्हणजे बिघडलीच ना?"

बस्त्यावनी रिकामा ग्लास हातात घेतला, उन्हात धरला, फिरवून चारी बाजूंनी पाहिला.

"बिघडली की," ते म्हणाले.

"मग घरी कशी करू?"

"...अशीच बिघडव."