टाक्याच्या काठावरचा राग

एका डोंगरावर एका माणसाचा फार जीव होता. तालुक्याच्या गावात त्याचं औषधाचं दुकान होतं. ज्या गुरुजींनी शाळेत त्याला भूगोल शिकवला, त्यांनीच पुढे डोंगर चढायलाही शिकवलं. त्याला आपण शिष्यच म्हणू, कारण पन्नाशी आली तरी तो स्वतःला तेच म्हणवून घ्यायचा.

डोंगरमाथ्यावर कातळात कोरलेलं एक पाण्याचं टाकं आहे. गुरुजींची तिथली शिस्त कडक होती. दहा पावलं आधी चपला काढायच्या, पाणी लोट्यानं वर घ्यायचं आणि हातपाय लांब जाऊन धुवायचे. कारण साधं होतं. खालच्या सपाटीवर धनगरांची अकरा घरं आहेत, आणि होळीपासून पाऊस लागेपर्यंत त्यांना पिण्याचं पाणी दुसरीकडे कुठेही नाही.

मग तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पहाटेच्या धुक्याचा एक व्हिडिओ काढला आणि डोंगराचे ग्रह फिरले. रविवारी पायथ्याशी गाड्यांची रांग, वाटेवर भजी-नूडल्सच्या टपऱ्या, खांद्यावर केकाटणारे स्पीकर. कातळावर ऑइलपेंटनं लिहिलेली जोडप्यांची नावं. आणि टाक्यात काय? वेफर्सची पाकिटं, साबणाचा फेस, शंभर माणसांचे पाय! निसर्गाच्या ओढीनं आलोय म्हणे. मी म्हणतो, ओढ होती तर आणलेला कचरा परत नेताना हात का जड व्हावेत?

शिष्याचा तर तिळपापड व्हायचा. त्यानं वनखात्याला तीन अर्ज केले, वर्तमानपत्राला पत्रं पाठवली, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही कर्मकहाणी ऐकवली. रविवारची गर्दी डोळ्यांना नको म्हणून तो मंगळवारी डोंगरावर जाऊ लागला. मंगळवारी माथ्यावर चिटपाखरू नसायचं. नसायची ती माणसं; त्यांची घाण असायचीच. ती पाहून तो आणखी संतापून खाली उतरायचा.

यंदाच्या चैत्रात धनगरवाड्यातली झिमाबाई त्याच्या दुकानात आली. तिच्या चार वर्षांच्या नातीला चार दिवस जुलाब होत होते. डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं, पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं. "सरपान आणायचं कुठनं रोज एवढं?" ती म्हणाली आणि साखर-मिठाची पाकिटं पदरात बांधून निघून गेली. शिष्य त्याच पावली गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, आता पायथ्यालाच काटेरी कुंपण घालायला हवं. आपला डोंगर राहिला नाही हो तो."

ऐंशीला टेकलेले गुरुजी अंगणात बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "येत्या रविवारी वर जाऊ," एवढंच ते म्हणाले.

रविवारी चढताना वाटभर शिष्याचं तोंड चालू होतं. हे पाहा, ते पाहा, काय ही माणसं, कुणी यांना वळण लावलंय की नाही. माथ्यावर पोचले तेव्हा टाक्याच्या काठावर सात-आठ जण पाण्यात पाय सोडून गप्पा मारत बसले होते. एकाच्या हातात साबण होता. पलीकडे उन्हात झिमाबाई रिकामा हंडा घेऊन ते उठण्याची वाट पाहत उभी होती.

"बघितलंत? यांच्यापेक्षा गुरं बरी," शिष्य दातओठ खात म्हणाला आणि लांबच एका झाडाखाली थांबला.

गुरुजी थांबले नाहीत. चपला न काढता ते थेट काठावर गेले, खाली बसले, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि शेणामातीनं भरलेला पाय चपलेसकट पाण्याकडे नेला.

शिष्य धावला. पाय पाण्याला टेकायच्या आत त्यानं गुरुजींचा घोटा धरला. "डोकं ठिकाणावर आहे का गुरुजी? हे प्यायचं पाणी आहे. खाली अकरा घरं याच्यावर जगतात. चार वर्षांची पोर या पाण्यानं मरता मरता वाचली. घ्या तो पाय मागे."

उभ्या जन्मात तो गुरुजींशी असं बोलला नव्हता. गुरुजींनी शांतपणे पाय मागे घेतला.

"यथार्थ बोललास. हेच शब्द गेल्या तीन वर्षांत या काठावर तू किती जणांना ऐकवलेस?"

 शिष्य पुटपुटला, "ऐकणार आहेत होय ही माणसं?"

आता गुरुजींचा स्वर चढला. "न सांगताच ठरवलंस? माझा पाय धरलास, कारण मी तुला आपला वाटतो. यांची गणना तू माणसांतच करत नाहीस, मग बोलणार कोणाशी? तुझा संताप खोटा नाही. मलाही संताप आहे. ती बाई केव्हाची उन्हात तिष्ठत उभी आहे, ते मला दिसतं. पण तुझा संताप दुकानात गेला, अर्जांत गेला, वर्तमानपत्रात गेला, आणि जिथे त्याची आवश्यकता होती तिथे मात्र एकदाही आला नाही. ज्या दिवशी तू मंगळवार धरलास, त्या दिवशी हे टाकं तू सोडून दिलंस. तुझा गेला तो एकांत. तिचं पाणी जातं आहे."

काठावरच्या गप्पा थांबल्या होत्या. एका तरुणानं पाय वर घेतले. "काका, हे पितात? आम्हाला वाटलं, पावसाचं साचलंय." त्याच्यामागून बाकीचे उठले. साबणवाला तेवढा बसून राहिला. "मग बोर्ड लावा ना," तो म्हणाला.

शिष्याच्या कानशिलाची शीर ताडताड उडत होती. पण तो त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला आणि त्यानं त्या पोरीची सगळी हकीकत सांगितली, सलाईनपासून सरपणापर्यंत. साबणवाल्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. कपाळाला आठ्या घालून तो उठला आणि बूट शोधायला निघून गेला.

झिमाबाई पुढे आली. पाणी ढवळलेलं होतं, गाळ खाली बसेपर्यंत ती हंडा टेकवून थांबली. "मंगळवारी दिसायचा तुमी," ती शिष्याला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मला वाटायचं, रविवारी हितं काय चालतंय ते तुमाला ठावंच नसंल. ठावं असतं तर बोलला असता की."