ताट धुतल्याचं पाणी

"खरं कुणाचं मानू, अज्जा? पेपरात येतं, ही पूड घातक. डॉक्टर म्हणतात, बेतानं घेतली तर चालते."

साखरेऐवजी घालायच्या पुडीची डबी चन्नाप्पानं ताटाशेजारी ठेवली.

मठाच्या म्हाताऱ्या स्वामींना सारं गाव अज्जा म्हणायचं. ते त्याच पंगतीत, त्याच्या शेजारी बसले होते.

"तू ताट धुतलंस की सांगतो," ते म्हणाले.

मठाची रीतच होती तशी. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. एकदा ताट धुतलं, की मग कुणी कितीही आग्रह करो, वाढून घ्यायचं नाही.

चन्नाप्पा हट्टाचा गडी. मधुमेहापायी उजव्या पायाचं एक बोट गेलं, तेव्हा त्यानं साखर-गूळ सोडला तो सोडलाच. पोरीच्या लग्नात जिलबीला हात लावला नाही. आज तर आपल्या भांड्यांच्या दुकानातलं नवंकोरं पातेलं आणून त्यानं गव्हाची वेगळी खीर करून घेतली होती. गूळ नाही, नुसती पूड.

तरी दुसरं बोट काळं पडत चाललं होतं. पाय वाचेल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. त्या भीतीनंच तो इथवर आला होता, पण ती बोलून दाखवली तर तो चन्नाप्पा कसला.

वाढपी आला. अज्जांनी गुळाची खीर पळीभर घेतली, सावकाश खाल्ली, ताट धुतलं, पाणी प्यायलं.

चन्नाप्पानं आपल्या पातेल्यातली वाटीभर घेतली. मग दुसरी. मग तिसरी.

"तुम्हालाही साखरेचा आजार आहे ना, अज्जा?" त्यानं जरा टोचूनच विचारलं. "आणि गूळ खाता?"

"खातो की."

"मी शिवतसुद्धा नाही."

"दिसतंय."

...

"गूळ खायचास तेव्हा किती वाट्या घ्यायचास रे?" अज्जांनी विचारलं.

"एक. तीही भीत भीत."

"आणि आता?"

"आता भ्यायचं कशाला? पूड आहे की."

"हे गव्हाला ठाऊक आहे का?"

चन्नाप्पाचा शेवटचा घास हातातच राहिला. त्यानं त्यातल्या टपोऱ्या, फुगलेल्या गव्हाकडं पाहिलं. गव्हाचीही पोटात साखरच होते, गहू-भात बेतानं खा, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यानं ते एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलं होतं. गूळ सोडल्याचा तोरा मिरवत तो तिप्पट खात आला होता, आणि पायाचा जाब विचारायला निघाला होता डबीला. त्याची त्यालाच लाज वाटली.

...

वाढपी पुन्हा समोर उभा राहिला. "घ्या की काका. तुमचंच पातेलं आहे."

चन्नाप्पाचा डावा हात सवयीनं वाटीकडं गेला. तिथून तो वळला आणि तांब्यावर पडला. हातातला घास संपवून त्यानं वाटी विसळली, ते पाणी ताटात ओतलं, काठापासून ताट धुतलं आणि उचलून तोंडाला लावलं.

"घरीसुद्धा रोज असंच धुईन," तो म्हणाला. "आता तरी सांगा, अज्जा. पूड घेऊ की नको?"

अज्जांनी त्याच्या फडकं बांधलेल्या पायाकडं पाहिलं.

"पाणी गोड लागलं?"

"लागलं... जरासं."

"मग तेवढं पुरे की."