रांजणातला मोर आणि मधला टाका

फार पूर्वी, कावळ्यांना काळा रंग अजून लागायचा होता त्या काळात, एका गावात एक गोधडीवाली राहत होती. गाव इतकं शांत, की तिच्या हातून सुई पडली तर वेशीवरची दोन कुत्री दचकून भुंकायची. तिला सगळे गिरजाक्का म्हणायचे.

गिरजाक्काची गोधडी कडेपासून सुरू व्हायची. जुन्या लुगड्यांचे सात थर, आणि कडेकडेनं टाक्यांची एक ओळ. चारही बाजू फिरून झाल्या की तिच्या आत दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी. असं चौकोनात चौकोन करत ती मध्यावर पोचायची. तिथे शेवटचा टाका, तिहेरी गाठ, आणि दातानं दोरा कट्! झाली गोधडी. मध्येच कोणी विचारलं, "अक्का, कुठवर आलं?" तर ती बोट ठेवून दाखवायची, "हे बघा, एवढा चौकोन राहिला."

त्या वर्षी तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. गावची रीत अशी, की बारशाला बाळाला आजीच्या हातच्या गोधडीवर निजवायचं आणि मगच कानात नाव सांगायचं. गोधडी नाही तर बारसं नाही, आणि बारसं नाही तर नाव नाही. एका आळशी आजीमुळे गावातला एक माणूस सहा वर्षांचा होईपर्यंत 'अरे' या नावानं हिंडला होता म्हणे.

बारशाला पाच दिवस उरले होते. गोधडीत दोन वितींचा चौकोन उरला होता. आणि तेवढ्यालाच पुरेल असा लाल दोरा रिळावर होता. अक्कानं स्वतः तीन पदरी पिळलेला, मेण लावून गुळगुळीत केलेला. रंगारी आता थेट दिवाळीनंतर येणार होता.

नेमका त्याच दिवशी रांजणवाला आला.

त्याच्या गाडीला बैल नव्हते. एक बोकड गाडी ओढत होता आणि तोही तोंड वाकडं करून. गाडीवर माणसाएवढा रंगीत रांजण, त्याला एक दांडा, वर पितळी घंटा. दांडा फिरवला की घंटा वाजायची, आत काहीतरी गडगडायचं, आणि खालच्या भोकातून लाखेचा एक गोळा टुणकन बाहेर पडायचा. गोळा फोडला की आत खेळणं.

"बारा तऱ्हेची खेळणी आहेत, मायबाप!" रांजणवाला ओरडला. "अकरा मातीची. बारावा सोन्याचा मोर. तळहातावर ठेवला की स्वतःहून नाचतो! रडतं मूल गप्प होतं. पैसा नको, अडका नको. ज्याच्या घरी जे असेल त्यातलं चिमूटभर द्या. आणि पहिला फेरा फुकट!"

फुकट म्हटल्यावर गिरजाक्काही उठली. दांडा फिरवला. पोपट निघाला. हिरवागार, चोच लाल. गोळ्यात खेळणं हलू नये म्हणून भोवती चिंध्यांचं वेटोळं होतं, ते तिनं न बघताच ओट्यावर टाकलं.

"वा! पहिल्याच फेऱ्याला पोपट!" रांजणवाल्यानं डोळे मोठे केले. "हात चांगला आहे तुमचा, अक्का. घरात बाळ आहे वाटतं?"

"नात झालीय."

"मग तर मोर तिचाच! एक हात दोरा द्या, बघा फिरवून."

एक हात दोरा म्हणजे काय, एक टाका आणि अर्धा सुस्कारा. तिनं दिला. हत्ती निघाला. अजून एक हात दिला. पुन्हा हत्ती.

त्या दुपारी ती गोधडीवर बसली खरी, पण बूड टेकेना. बाहेर टण्ण झालं की वाटायचं, निघाला वाटतं मोर, दुसऱ्याच्याच घरी गेला. दार गाठून बघायची, कुंभाराच्या हातात हत्ती असायचा. हुश्श करून परत यायची. चार टाके घालायची, त्यातले दोन वाकडे. पुन्हा टण्ण. पुन्हा दार.

"आई, उंबऱ्याची काय परीक्षा घेतेयस?" आतून लेक म्हणाली. "एका जागी बस की गं!"

"तुझ्याच लेकीसाठी चाललंय माझं."

"तिला गोधडी हवीय, आई. तिनं मोर मागितलेला नाही."

"ती बोलायला लागली की मागेल!"

दुसऱ्या दिवशी रांजणवाल्यानं नवा नियम सांगितला. रोज सकाळी येईल त्याला एक फेरा फुकट. सात दिवस ओळीनं आलात तर दोन. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गावातली माणसं चुळा न भरता रांगेत उभी राहू लागली. तेली पळीभर तेल आणायचा, कुंभार मातीचा गोळा, गिरजाक्का दोरा. फुकटच्या फेऱ्यात हत्ती निघायचा, आणि हत्ती घेऊन कोण घरी जाईल? म्हणून अजून एक फेरा. त्यातही हत्ती. संध्याकाळपर्यंत अक्काच्या कोनाड्यात सहा हत्ती झाले आणि रीळ रिकामं.

तिसऱ्या दिवशी रांजणवाला हळूच म्हणाला, "अक्का, मोर अगदी भोकाशी आलाय. पिसं खरखरतायत, ऐका. आज दुपारपर्यंतच हं. मग मी मोर बदलणार."

अक्का घरी धावली. रीळ उलटंसुलटं केलं. काही नाही. मग तिची नजर गोधडीवर गेली. सगळ्यात आतली ओळ, परवाच घातलेली. तिनं सुईचं टोक टाक्याखाली घातलं आणि उचकलं. सर्रकन दोरा सुटत आला.

"काय करतेयस?" लेकीनं विचारलं.

"टाका वाकडा गेला होता," अक्का म्हणाली. मान वर केली नाही.

एक टाका वाकडा गेला म्हणून तिनं चारी बाजू उसवल्या.

तो दोरा तिनं रांजणात टाकला आणि दांडा फिरवला. टण्ण! गोळा आला. तिनं तो तिथेच फोडला. आत हत्ती होता. सातवा.

आणि हत्तीभोवती लाल दोऱ्याचं वेटोळं होतं.

अक्कानं ते उलगडलं. तीन पदरी. मेण लावलेला. टोक तिच्याच दातानं तोडलेलं. कालच टाकलेला तिचा दोरा तिला परत मिळाला होता, एक हाताचा वीतभर होऊन.

तिनं दोरा बोटाला गुंडाळला. मग हत्तीला नख लावून बघितलं. कुंभाराच्या खाणीतलीच माती. दांड्याच्या खोबणीला बोट लावून हुंगलं. तेल्याच्या घाण्याचं तेल.

"काय रे," ती म्हणाली, "माती त्याची, तेल याचं, दोरा माझा. यात तुझं काय आहे?"

"घंटा, अक्का," रांजणवाला प्रामाणिकपणे म्हणाला.

"बरं. आता मला सांग, याचा मध्य कुठे आहे?"

"कशाचा मध्य?"

"या कामाचा. गोधडी कडेपासून घातली की मला कळतं किती राहिलं. तुझ्या रांजणात मी कुठवर आले ते दाखव. बोट ठेव."

रांजणवाल्यानं डोकं खाजवलं. बोट वर केलं, खाली केलं, रांजणाभोवती गोल फिरवलं आणि शेवटी स्वतःच्याच नाकावर ठेवलं.

"मग मी निघते."

"अहो, तीन दिवस झाले तुमचे! अजून चार आले की दोन फेरे फुकट! आणि इतका दोरा घातलात तो वाया जाईल ना?"

"गेला तो गेला," अक्का म्हणाली. "अजून घातला तर तोही जाईल."

मागून तेली हसला. "तीन दिवसांत दमलात, अक्का? अहो, चिकाटी लागते याला!"

"असू दे, भाऊजी. तुमची चिकाटी तुम्हाला, माझी गोधडी मला."

ती घरी आली आणि लेकीसमोर बसली. "टाका सरळच होता गं," एवढंच म्हणाली. लेक उठली. ओट्यावरून, कोनाड्याखालून, चुलीमागून तिनं रांगोळीच्या कणांसारखी ती सगळी वेटोळी वेचून आणली आणि आईच्या मांडीवर ठेवली. थोडा लाल दोरा, थोडी निळी लोकर, कोणाच्या तरी धोतराचा काठ, सुतळीचे तुकडे. दोघी ते गाठींनी जोडत बसल्या.

असं समजू नका, की त्यासरशी अक्काचं मन शांत झालं. बाहेर टण्ण झालं की सुई बोटात घुसायची. दोनदा ती उंबऱ्यापर्यंत जाऊनही आली. चौथ्या दिवशी घंटा वाजली तेव्हा ती फक्त थबकली. पाचव्या दिवशी वाजली, तेव्हा लेकीला विचारलं, "आज रांजणवाला आला नाही वाटतं?"

बारशाला गोधडी तयार होती. कडेला सुबक लाल ओळी आणि मध्ये गाठीच गाठी, जणू मुंग्यांचं वारूळ. बायकांनी नाकं मुरडली. पण बाळाला त्यावर निजवलं तशी तिनं मधली सगळ्यात जाड गाठ मुठीत पकडली आणि पाळण्यात घालायची वेळ झाली तरी सोडेना. शेवटी गोधडीसकट पाळण्यात घातलं आणि नाव ठेवलं. कोनाड्यातून सात हत्ती बघत होते. त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

तेल्याला मोर मिळाला, बरं का! एकविसाव्या दिवशी. खरंच नाचला तो तळहातावर, तीन गिरक्या. पण त्या संध्याकाळी तेल्याच्या घरात दिवा लावायला तेल नव्हतं, त्यामुळे चौथी गिरकी कोणाला दिसली नाही. सकाळी तो रांजणवाल्याकडे मिरवत गेला.

"अभिनंदन!" रांजणवाला म्हणाला. "आता आजपासून लांडोर आली आहे. पहिला फेरा फुकट."

तेली अजून तिथेच उभा आहे. रांजण मात्र आक्रसत आक्रसत तळहाताएवढा झालाय म्हणतात. आतून उजेड येतो, आणि घंटा आता खिशात वाजते.

तात्पर्य: हातातलं काम अर्ध्यावर टाकू नये हे खरं, पण ज्याला मध्यच नाही ते काम नव्हे, ते तिसऱ्या दिवशी सोडलं तरी दोन दिवस उशीरच झाला समजावं.